मदत हवी आहे: बाहेरून हिऱ्याची अंगठी, परवापर्यंत उत्तर हवे

वाळपईची_लेक
नमस्कार मंडळी. भाऊ बाहेर आहे, तो हिऱ्याची अंगठी आणणार आहे. साखरपुडा चवथीनंतर. तिकडे टॅक्सच नाही, म्हणजे इथल्यापेक्षा स्वस्त पडणार हे उघड आहे. दुकानदाराने 40 टक्के कमी केलेत, पण ते परवापर्यंतच. इथे उतरल्यावर कस्टमला किती भरावे लागेल तेवढेच सांगा. गूगलवर दहा ठिकाणी दहा आकडे आहेत. अनुभव असलेल्यांनीच लिहा, आणि जरा लवकर.

पेडणेकार
बाहेर म्हणजे कुठे? दुबई, लिस्बन की बेळगाव?

सोनसाखळी
आणि हिरा नैसर्गिक की लॅबमधला? सुटा की अंगठीत बसवलेला? सर्टिफिकेट कुणाचे? भाऊ किती महिने बाहेर आहे? यातले काहीच न सांगता कस्टमचा आकडा मागताय.

दुबईरिटर्न
दुबई असेल तर डोळे झाकून घ्या. देइराच्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात जायचे. सोन्याचा दर सगळीकडे तोच असतो, घासाघीस मजुरीवर करायची. पहिल्यांदा सांगतील त्याच्या निम्म्यावर यायचे आणि उठून चालू लागायचे, मागून हाक येतेच. 5 टक्के व्हॅट लागतो, पण पर्यटक असाल तर दुकानातून टॅक्स-फ्रीचा कागद घ्या, विमानतळावर त्यातला बराचसा परत मिळतो. आमच्या घरातली सगळी मंगळसूत्रे तिथलीच.

पेडणेकार
पात्राव, त्यांनी हिऱ्याचे विचारलेय.

दुबईरिटर्न
हिरेही मिळतात तिथे.

वाळपईची_लेक
दुबई नाही हो! भाऊ बोटीवर आहे, क्रूझवर. सध्या कॅरिबियनची फेरी चालू आहे, बोट परवा परत सेंट थॉमसला लागणार. गेल्या फेरीत त्याने अंगठी बघून ठेवली, दुकानदार तेव्हापासून व्हॉट्सॲपवर रोज मेसेज करतो. 1 कॅरेटचा हिरा आहे, सर्टिफिकेट आहे म्हणतो. आता तरी सांगा.

चिकीत्सक_काका
एक महत्त्वाचे कुणी सांगितले नाही. भारतातून जाताना स्वतःचे दागिने घालून जाणार असाल तर निघण्यापूर्वी विमानतळावरच्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना ते दाखवले की तुमच्याच पाटल्यांवर तुम्हालाच ड्युटी भरण्याची वेळ येत नाही. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद आणि दागिन्यांचे फोटो जवळ ठेवा, आणि विमानतळावर वेळ हातात ठेवून पोहोचा.

वाळपईची_लेक
काका, भाऊ पाटल्या घालून गेलेला नाही.

तारवटी_निवृत्त
बाय, मी बोटीवरच म्हातारा झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेंट थॉमस हे अमेरिकेच्या ताब्यातले बेट. शार्लट अमाली गावात धक्क्यापासून मेन स्ट्रीटपर्यंत सोन्याचांदीची दुकानेच दुकाने. विक्रीकर नाही हे खरे. पण बोर्डावर जे ‘ड्युटी फ्री’ लिहितात ते त्या बेटापुरते. अमेरिकन नागरिकाला तिथून घरी नेताना 1,600 डॉलरपर्यंत माफी आहे, म्हणून ती दुकाने अमेरिकन गिऱ्हाइकावर चालतात. तुझा भाऊ गोव्यात मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरेल तेव्हा नियम आपला लागेल, त्यांचा नाही.

दुसरे. बोटीवर प्रवाशांना जो नकाशा वाटतात, त्यात ‘शिफारस केलेली दुकाने’ असतात. ती दुकाने नकाशात येण्यासाठी पैसे मोजतात. क्रूवर असलेल्या मुलाला हे ठाऊक असायला हवे, पण लग्न ठरले की माणूस प्रवासी होतो.

आता कस्टम. भाऊ काँट्रॅक्ट संपवून, साइन-ऑफ करून विमानाने येणार ना? मग त्याला इतर प्रवाशांसारखेच नियम. मधेच बोटीबरोबर बंदरात उतरला तर क्रूची सवलत किरकोळ भेटवस्तूंपुरती असते, अंगठी त्यात बसत नाही. दागिन्यांची म्हणून जी वेगळी सवलत आहे, बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम, ती एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यालाच. काँट्रॅक्ट किती महिन्यांचे?

वाळपईची_लेक
आठ महिने. मग नाहीच का ती?

तारवटी_निवृत्त
नाही. रकमेच्या मर्यादा मधल्या काळात बदलल्या आहेत, म्हणूनच तुला गूगलवर दहा आकडे दिसतात. कस्टमचे केंद्रीय मंडळ म्हणजे सीबीआयसी, त्याच्या संकेतस्थळावर आजचा नियम वाच. बिल जवळ ठेवायचे, लाल चॅनेलला, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत जायचे, अंगठी स्वतःहून सांगायची.

मडगावचो_पेद्रू
एवढे कशाला? बोटात घालून ग्रीन चॅनेलने, काही सांगायचे नाही त्यांच्या वाटेने, सरळ बाहेर. माझा चुलतभाऊ असाच आला, कुणी विचारले नाही.

तारवटी_निवृत्त
बाप्याच्या करंगळीत बायकी सॉलिटेअर, हे कस्टमवाल्याने पाहिले नाही असे वाटते का तुला? लपवून आणलेला माल जप्त होतो, वर दंड. बोटीवरच्या मुलाने चार पैशांसाठी अशी भानगड करू नये. चुलतभावाचे नशीब सगळ्यांना वाटून मिळत नाही.

मडगावचो_पेद्रू
मी फक्त अनुभव सांगितला. त्यांनीच अनुभवी लोकांना लिहायला सांगितले होते.

म्हापशेकर
मी म्हणतो बाहेरून आणायचेच कशाला? म्हापशात आमचा शेट आहे, आजोबांपासून. त्याच्याकडे बसून घडवून घ्या. उद्या हिरा सैल झाला तर सेंट थॉमसला पाठवणार आहात? शेटकडे चहा पिता पिता बसवून मिळतो.

सोनसाखळी
शेट चांगलाच असेल, पण त्याच्याकडून घेतानाही हॉलमार्क आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक बघा, बीआयएस केअर ॲपवर टाकून. ओळख आहे म्हणून बिल न घेणारे गिऱ्हाईक मोडताना रडत येते.

म्हापशेकर
आमच्या शेटवर संशय घेण्याचे कारण नाही. माझ्या आईचे दागिने एकाही ॲपवर नाहीत आणि एक गुंज कमी निघाली नाही.

लॅबचा_भक्त
सगळे जुन्या जमान्यात आहात. लॅबमधला हिरा घ्या. तोही कार्बनच, तीच कठीणता, तीच चमक, नैसर्गिकच्या कितीतरी खाली किंमत. एका कॅरेटच्या पैशात तीन कॅरेटचा येईल. सुरतेत हिरे वाढवणारी सीव्हीडी मशीन रात्रंदिवस चालू आहेत. जमिनीतून काढलेल्या दगडाला जास्त पैसे देणे हा निव्वळ जाहिरातीचा परिणाम.

दुबईरिटर्न
आणि विकायला गेलात की? लॅबवाला परत घेतो किती? सोने घ्या, सोने कधी शिळे होत नाही.

लॅबचा_भक्त
साखरपुड्याची अंगठी विकण्यासाठी घेतात का? आणि 2024च्या जुलैत सरकारने सोन्यावरची आयात ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आणली, तेव्हा तुमच्या दुबईची मजा संपली होती. तरी तुम्ही सूक सूक करताय.

दुबईरिटर्न
मजुरी विसरलात. इथल्या शोरूमची मजुरी बघा आणि मग बोला.

पेडणेकार
मोपावरून वाळपईला टॅक्सीवाला जे घेतो, त्यात लॅबचा अर्धा कॅरेट येईल. त्यावर धागा काढा कुणीतरी.

सोनसाखळी
मूळ धाग्यावर या. वाळपईच्या ताई, भावाकडून त्या सर्टिफिकेटचा फोटो मागवा. त्यावर काय लिहिलेय ते शब्दशः टाका. दुकानाचे नाव नको.

वाळपईची_लेक
आला फोटो. दुकानाच्याच लेटरहेडवर आहे, वर ‘अप्रेझल’. 1.01 कॅरेट, रंग जी-एच, क्लॅरिटी एसआय-1, पुढे कंसात सी. ई. सोने 14 कॅरेट. ‘रिप्लेसमेंट व्हॅल्यू’ 9,800 डॉलर, आणि आम्हाला 5,880 ला देतात. म्हणजे फायदाच की नाही?

सोनसाखळी
बरे झाले विचारलेत. मी हिरे तपासण्याच्या कामात आहे, म्हणून एवढी चौकशी करत होते.

हे ग्रेडिंग सर्टिफिकेट नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची स्वतःच लिहिलेली किंमत आहे. 9,800 त्यानेच लिहिले आणि त्यातून 40 टक्के त्यानेच कमी केले. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट असता तर त्याला नंबर असता, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता आला असता, आणि बहुतेक वेळा तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, लूपखाली, म्हणजे भिंगाखाली वाचता येतो. सुट्या हिऱ्याचा रंगही ‘जी-एच’ असा दोन अक्षरांत या लॅब देत नाहीत.

पण खरी गोची कंसात आहे. सी. ई. म्हणजे क्लॅरिटी एनहान्स्ड, आतला स्वच्छपणा कृत्रिमपणे वाढवलेला. हिऱ्यातल्या भेगेत काचेसारखा पदार्थ भरतात, भेग डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत हे गिऱ्हाइकाला सांगावे लागते, म्हणून ते दोन अक्षरांत सांगून मोकळे झाले. असा भरलेला हिरा जीआयए ग्रेडच करत नाही. आणि म्हापशेकरांच्या शेटने अंगठी सैल-घट्ट करायला नळी पेटवली, तर उष्णतेने भरण खराब होऊन भेग वर येऊ शकते. मग भांडण शेटशी. असा हिरा त्याच वजनाच्या न भरलेल्या हिऱ्यापेक्षा खूप स्वस्त असायला हवा. 5,880 डॉलर म्हणजे पूर्ण हिऱ्याची किंमत मागताहेत.

म्हापशेकर
बघा, शेटचे नाव आलेच शेवटी.

वाळपईची_लेक
अरे देवा. भाऊ म्हणतो दुकानदाराने मशीन लावून दाखवले, टीं-टीं वाजले, म्हणजे हिरा खरा आहे.

सोनसाखळी
खरा आहेच, प्रश्न तो नाही. ते पेन उष्णता कशी वाहते तेवढे बघते. त्यावर भरलेला हिराही वाजतो, लॅबमधलाही वाजतो, आणि साध्या पेनवर मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दगडसुद्धा वाजतो. भावाला म्हणावे, एकच विचार: जीआयए रिपोर्टचा नंबर दे. त्यावर काय उत्तर येते ते सांगा.

लॅबचा_भक्त
लॅबमधला घेतला असता तर ही वेळ आली नसती.

सोनसाखळी
लॅबचा घेतला तरी रिपोर्ट लागतोच. 2025च्या ऑक्टोबरपासून जीआयए लॅबच्या हिऱ्यांना रंग-क्लॅरिटीची ती जुनी श्रेणी देत नाही, ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ एवढेच. तेव्हा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून भाव करू नका. बाकी मुलीकडच्यांना आधी सांगून घ्यायचा असेल तर लॅबचा जरूर घ्या, माझा आक्षेप नाही.

वाळपईची_लेक
भाऊ बोलला त्याच्याशी. ‘हिरा बसवलेला आहे, काढून लॅबला पाठवता येत नाही, पण तुझ्यासाठी आणखी 500 डॉलर कमी करतो.’ भावाने नको सांगितले. आता चिडलाय, म्हणतो तुम्ही सगळ्यांनी मिळून साखरपुडा पुढे ढकललात. इथे घेतला तर काय बघायचे?

सोनसाखळी
ढकलायची गरज नाही. जगातले बहुतेक हिरे सुरतेलाच पैलू पडून बाहेर जातात, ते सेंट थॉमसला स्वस्त मिळण्याचे कारणच नाही. सुटा हिरा घ्या, रिपोर्टसकट. पूर्ण एका कॅरेटचा हट्ट सोडा. 1.00 चा आकडा गाठला की दर उडी मारतो. 0.90 चा चांगल्या कटचा घेतला तर बोटावर फरक मिलिमीटरच्या पाव भागाइतका. रंगाची श्रेणी एच, क्लॅरिटीची व्हीएस-2 पुरे, पिवळ्या सोन्यात तर आय रंगही खपतो. बसवायला 18 कॅरेट सोने, म्हणजे 750 चा शिक्का. 22 मध्ये पकडी मऊ पडतात, हिरा हलतो. दागिन्यावर 3 टक्के जीएसटी, बिलावर रिपोर्ट नंबर लिहून घ्या. भाऊ येईपर्यंत शेट बसवून देईल. म्हापशेकर, खूश?

म्हापशेकर
शेटला विचारून सांगतो, चवथीच्या आधी त्याला फुरसत असते का. मखराच्या दिवसांत तो फोन उचलत नाही.

वाळपईची_लेक
मुलीच्या बोटाचे माप? भावाला तिला कळू द्यायचे नाही.

फोंड्याची_आई
तिच्या बहिणीला हाताशी धरा, घालते ती एखादी अंगठी अर्ध्या तासासाठी मागवा. पण कुठल्या बोटातली ते विचारा. आमच्याकडे मधल्या बोटाचे माप दिले आणि सूनबाई दोन महिने दोरा गुंडाळून फिरली.

वाळपईची_लेक
बहीण गुपित ठेवेल असे वाटत नाही, पण बघते. सोनसाखळी ताई, तारवटी मामा, देव बरें करूं.

सुट्टीवरचा_माणूस
धागा वर आलाच आहे तर विचारतो. बँकॉकहून नीलम आणलाय. तिथे म्हणाले सरकारी सेल आहे, आजचा शेवटचा दिवस, भारतात दुप्पट भावाने जाईल. पणजीत अठरा जून रोडवर कुणी घेईल का?

सोनसाखळी
वेगळा धागा काढा. आणि त्या दुकानात टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला घेऊन गेला होता का, हे पहिल्याच ओळीत लिहा.