लग्नाआधी डर्माप्लेनिंग : किती दिवस आधी, आणि पार्लरमध्ये काय बघून घ्यायचं?

माडाची_सावली (मालवण)

धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, हळद आदल्या दिवशी. वर्ण गव्हाळ. गालांवर आणि कानशिलांपाशी बऱ्यापैकी लव आहे, त्यामुळे फाउंडेशन तिथे पिठासारखं बसतं. डाव्या गालावर फिकट वांग. हनुवटीखाली पाच-सहा राठ केस येतात, ते थ्रेडिंगने काढते. रात्री मुरमांसाठीचं अ‍ॅडापलीन जेल लावते.

एका पार्लरने सांगितलंय की लग्नाच्या दोन दिवस आधी डर्माप्लेनिंग (ब्लेडने चेहऱ्यावरची लव आणि वरचा मृत थर काढणं) आणि लगेच त्यावर ग्लायकोलिक पील (आम्ल लावून वरची त्वचा सोलणं) करू, चेहरा उजळेल आणि वांगही जाईल. हे बरोबर आहे का? लव परत राठ होऊन येते का? आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामाचं काय करायचं? पार्लरमध्ये नेमकं काय बघायचं तेही सांगा, म्हणजे मी सोबत जाईन.

सुरंगीचा_वळेसर (चिपळूण)

दोन दिवस आधी नको. पहिल्यांदाच करत असाल तर मुळीच नको. बाकी मुद्दे इतर लोक सांगतील, मी हाताच्या कामाबद्दल लिहिते, कारण निकाल तिथेच ठरतो.

सर्जिकल ब्लेड असतं, बहुतेक ठिकाणी १० आर, म्हणजे टोक गोलसर असलेलं. ते तीन नंबरच्या हँडलवर चढवतात. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, आधीच चढवून ठेवलेलं ब्लेड चालवून घेऊ नका. पाकिटावरची मुदत वाचा आणि फॉइलला बारीक भोक किंवा सुरकुतीतून चीर गेलीय का ते बघा. आपल्या खाऱ्या हवेत कार्बन स्टीलचं ब्लेड उघड्यावर फार टिकत नाही. ब्लेडच्या मधल्या खाचेपाशी तपकिरी ठिपका दिसला तर ते ब्लेड सरळ टाकून द्यायचं, पुसून वापरायचं नाही. ब्लेड चढवताना आणि उतरवताना चिमटा वापरतात. बोटांनी ओढणारी व्यक्ती दिसली तर तिचा हात अजून बसलेला नाही असं समजा.

चेहरा आधी जेल क्लेन्झरने धुतात, सनस्क्रीन लावलेलं असेल तर दोनदा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल गॉझवर घेऊन तेलकटपणा काढतात आणि मिनिट-दोन मिनिटं पूर्ण सुकू देतात. कोकणात काम बिघडतं ते इथे. खोलीत एसी नसेल तर अल्कोहोल सुकेपर्यंत कपाळावर आणि ओठांवर परत घाम फुटलेला असतो. ओल्या त्वचेवर ब्लेड सरकत नाही, अडखळतं. मग हात नकळत जोर लावतो आणि तिथेच ओरखडा उठतो. म्हणून सकाळची वेळ घ्या आणि खोली किमान अर्धा तास आधी थंड करून ठेवायला सांगा. पंखा थेट तोंडावर नको, सुटलेली लव डोळ्यांत जाते. लाइट गेली तर काम तिथेच थांबवायचं, मोबाइलच्या टॉर्चवर पुढे चालवायचं नाही.

प्रत्यक्ष फिरवताना एका हाताने त्वचा ताणून धरायची, दुसऱ्या हातातलं ब्लेड साधारण ४५ अंशांत. फारच आडवं धरलं तर नुसतं घासत जातं, उभं धरलं तर कापतं. फटके लहान, अर्धा ते एक इंच, पिसासारखे हलके. कानशिलापासून गालावरून खाली, मग जबडा, हनुवटी, वरचा ओठ, शेवटी कपाळ. दर चार-पाच फटक्यांनी ब्लेड ओल्या गॉझवर पुसलं की पांढरा भुगा आणि लव एकत्र निघालेली दिसते. एका जागी एकदा, फार तर दोनदा. ‘अजून थोडी राहिलीय’ म्हणून तिसऱ्यांदा गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे लाल पट्टा. पापण्या आणि नाकपुड्यांच्या कडा सोडायच्या. तिळावरून किंवा उंच मशावरून ब्लेड न्यायचं नाही, बाजूने वळवून घ्यायचं. पूर्ण चेहऱ्याला २० ते ४० मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकलं तर काहीतरी सुटलेलं असतं.

काही जणी तेल लावून करतात. मला ते पटत नाही. तेलावर लव चिकटून बसते, ब्लेड कुठे लागतंय ते दिसत नाही, आणि आधीच घाम असलेल्या चेहऱ्यावर छिद्रं बुजतात.

वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या बादलीत नाही, भोक न पडणाऱ्या बंद डब्यात गेलं पाहिजे. हँडल ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेला हवा. निळ्या दिव्याचा जो छोटा कपाटवजा डबा बऱ्याच पार्लरमध्ये असतो, त्याने निर्जंतुकीकरण होत नाही, साफ केलेल्या वस्तू ठेवायला तो ठीक. हे विचारायला लाजू नका. ब्लेडवर रक्ताचा न दिसणारा अंश राहू शकतो आणि हिपॅटायटिस बी त्यातून जाऊ शकतो.

निवळीचा_घाट (रत्नागिरी)

वरच्या हाताच्या कामाला माझी पूर्ण सहमती. त्वचेच्या बाजूने थोडं.

आधी वांग. डर्माप्लेनिंगने वांग जात नाही, कुणीही सांगू दे. ब्लेड काढतं तो सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. वांगाचा रंग त्याच्या खालच्या थरांत असतो, कधी आणखी खोल. चेहरा उजळ दिसतो कारण लव आणि कोरडे पापुद्रे गेल्यावर उजेड सारखा परावर्तित होतो. रंग बदललेला नसतो. ही चमक आठवडा-दोन आठवडे चांगली राहते, तीन-चार आठवड्यांत लव परत दिसू लागते.

उलट, वांग असलेल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जादा रगडलं की दाह होतो आणि दाहामागून काळपट डाग येतो. हा डाग लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी वर येतो. म्हणजे लग्नाच्या दोन दिवस आधी केलं तर फोटोत चेहरा छान आणि पूजेनंतरच्या पाहुणचारात गालावर पट्टा. म्हणून पहिली खेप चाचणी म्हणून घ्यायची, निदान पाच-सहा आठवडे आधी.

त्याच दिवशी पील नको. वरचा थर निघाल्यावर आम्ल जास्त आत जातं, आणि सगळीकडे सारखं जात नाही. जिथे ब्लेड दोनदा फिरलं तिथे जास्त. ग्लायकोलिक तर चटकन आत शिरणारं. परदेशी व्हिडिओंत दोन्ही एकत्र करतात, पण ती त्वचा बहुतेक गोरी असते, डाग धरण्याची तिची सवय वेगळी. वांगावर पील हवंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून, वेगळ्या तारखेला, आणि लग्नानंतर.

लव राठ होत नाही. केसाचं मूळ ब्लेडच्या पोहोचीच्या खाली असतं. निमुळतं टोक जाऊन बोथट टोक वर येतं, त्यामुळे बोटाला पहिले काही दिवस खरखरीत लागतं, एवढंच. पण हनुवटीखालचे ते पाच-सहा राठ केस लव नाहीत. त्यांच्यावर ब्लेड फिरवलं तर दोन-तीन दिवसांत खुंट लागतील. ते तसेच थ्रेडिंगने किंवा चिमट्याने काढा, फक्त त्याच दिवशी नाही. पाळी अनियमित असेल आणि असे केस वाढत असतील तर पीसीओडीची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. कायमचा उपाय लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसाचं मूळ नष्ट करणं), ब्लेड नाही.

आता कोणी करूच नये ते. पू असलेली किंवा दुखरी पुटकुळी, ओठांवर तापाचे फोड, इसब, चेहऱ्यावर चपट्या बारीक चामखिळी. या चामखिळींचा विषाणू ब्लेडबरोबर पुढे सरकतो आणि फटक्याच्या रेषेत ओळीने नव्या उगवतात. तसाच नायटा. आपल्याकडे पावसाळ्यात चेहऱ्यावर नायटा येतो, लोक मेडिकलमधून स्टिरॉइडचं मिश्र मलम आणून लावतात, कडा पुसट होतात आणि तो नुसता लाल डाग वाटतो. त्यावरून ब्लेड गेलं की पसरलाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जखमेवर वाढीव गाठ येण्याची प्रवृत्ती असेल किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एक प्रश्न बहिणीला जरूर विचारा : गोरेपणाचं म्हणून कुठलं क्रीम महिनोन्‌महिने लावलंय का? बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही नाव ट्यूबवर असेल तर त्वचा पातळ झालेली असते, आणि कधी कधी गालांवरची ती दाट लवही त्या क्रीममुळेच वाढलेली असते. अशा चेहऱ्यावर ब्लेड लावायचं नाही. रत्नागिरी किंवा ओरोसच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ विचारून आधी दाखवा.

अ‍ॅडापलीन पाच ते सात दिवस आधी बंद, नंतरही तितकेच दिवस बंद.

माडाची_सावली (मालवण)

दोघींचे आभार. स्टिरॉइडचं काही लावलेलं नाही, ट्यूब बघितल्या. पार्लरला पील नको सांगते. अजून दोन गोष्टी : एप्रिलभर घरी ओले काजूगर काढायचं काम असतं, ती पण बसते. आणि हळदीत चेहऱ्याला हळद लावणारच, ते कोणी ऐकणार नाही. नंतरच्या दिवसांत घरी काय लावायचं? आजी खोबरेल म्हणतेय.

सुरंगीचा_वळेसर (चिपळूण)

काजूचं बरं विचारलंत! बिब्बा उततो तसाच काजूही उततो, दोन्ही एकाच कुळातले. सालीतलं तेल हाताला लागून तेच बोट गालाला लागलं की एरवी थोडी आग झाली असती, तिथे ताज्या ब्लेडच्या चेहऱ्यावर फोड येऊन काळे डाग राहतील. आंब्याच्या देठाच्या चिकाचंही तेच. ब्लेडच्या आधी तीन दिवस आणि नंतर आठवडाभर तिला काजूला बसवू नका. हातमोजे घालून बसते म्हणाली तरी नको, मोजा घातलेल्या हातानेच माणूस घाम पुसतं.

तारखा अशा धरा. चाचणीची खेप मार्चअखेर. महिनाभर गाल बघा, डाग नाही आला तर दुसरी खेप लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर त्या चेहऱ्यावर ब्लीच, वॅक्स, स्क्रब काही नाही. भुवया आणि ओठांचं थ्रेडिंग दुसऱ्या खेपेनंतर चार-पाच दिवसांनी.

हळदीला आठ दिवस उलटलेले असले की फार अडचण येत नाही. आदल्या दिवशी ब्लेड लावलं असेल तर मात्र चुरचुरते आणि पिवळा रंग जास्त धरते. ऐकणार नाहीत तर एवढं करा गो बाय : हळद दुधात किंवा दह्यात कालवलेली चालेल, लिंबू पिळलेली नको. जाडसर बेसन घालून चोळायची नाही, नुसती लावायची. आधी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा हात फिरवा, म्हणजे सुटते पण पटकन.

निवळीचा_घाट (रत्नागिरी)

खोबरेल केसांना लावा. चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं, आणि वर घाम. दोन ते चार दिवसांत बारीक पांढऱ्या टोकाच्या पुटकुळ्या आल्या तर बहुतेक वेळा कारण हेच, ब्लेड नाही.

काम झाल्या झाल्या सलाइनमध्ये भिजवलेला गार गॉझ पाच-दहा मिनिटं. मग सुगंध नसलेलं सेरामाइडचं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. पहिले तीन दिवस एवढंच. व्हिटॅमिन सी सीरम, सॅलिसिलिक फेसवॉश, गुलाबपाणी, सगळं बाजूला. चेहरा साध्या पाण्याने दिवसातून दोन-तीनदा धुवा. घाम आला तर स्वच्छ सुती रुमालाने टिपायचा, घासायचा नाही, आणि तो रुमाल रोज बदलायचा. वाफ, जिम, चुलीपुढे बसणं आणि समुद्रात डुंबणं दोन दिवस बंद. मीठ चुरचुरतं हा त्रास त्या मानाने लहान, पाण्यावरून आणि वाळूवरून परतून ऊन जास्त लागतं हा मोठा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्यावरचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला पुरतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. वांग असल्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, नुसत्या पांढऱ्यापेक्षा ते दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांगाला तोही गडद करतो.

बारीक चीर पडली तर गॉझने पाच मिनिटं दाबून धरा, पाण्याने धुऊन साधं पेट्रोलियम जेलीचं बोट. तुरटी, हळद, टूथपेस्ट नको. हलका लालसरपणा संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरतो. तिसऱ्या दिवशीही लाल राहिलं, पाण्याचे फोड आले किंवा पिवळसर खपली धरली तर पार्लरला फोन करू नका, डॉक्टरांकडे जा.

वाडीतली_पोर (देवगड)

भुवयांच्या छोट्या रेझरने घरीच केलं तर?

सुरंगीचा_वळेसर (चिपळूण)

लव निघेल, मृत थर फारसा निघणार नाही. त्याला दातेरी आडकाठी असते म्हणून कापण्याचा धोकाही कमी, फक्त लवच काढायची असेल तर ते पुरे. धुतलेल्या, सुकलेल्या चेहऱ्यावर, लव झुकते त्या दिशेने, महिन्यातून एकदा. दोन-तीन वापरांनंतर टाकून द्या. न्हाणीघरात ठेवू नका, आठवड्यात गंज धरेल. आणि बहिणी-बहिणींत एकच रेझर फिरवू नका.