स्तनाचा कर्करोग: उशीर बाई करते की व्यवस्था?

तिरपी रेघ, पडताळा आणि खर्चवही या टोपणनावांच्या तिघांचा वाद.

तिरपी रेघ: "बायका लाजतात, गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढतात, म्हणून गरीब बायका जास्त दगावतात." प्रत्येक शिबिरात हेच भाषण. अर्धंच खरं आहे. वेळेवर तालुक्याला आलेल्या बाईचं काय होतं? सुईची बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणं) न करताच गाठ काढतात आणि सलाईनच्या बाटलीत घालून नवऱ्याच्या हाती देतात. लॅबला पोचायला दोन दिवस. खरं तर गाठ तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रवात जायला हवी. द्रव गाठीच्या दहापट, मोठी असेल तर चिरा पाडून, 6 ते 72 तास. हे चुकलं की ईआर (गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते का, याची चाचणी) खोटंच निगेटिव्ह येऊ शकतं. मग टॅमॉक्सिफेन, त्या हार्मोनला अडवणारी रोज 20 मिग्रॅची स्वस्तातली गोळी, तिला कुणी लिहूनच देत नाही.

पडताळा: असहमत. गाठ फुटून जखम झाल्यावर आलेल्या बाईला अचूक ईआर कितीसं तारणार? टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, चार फेऱ्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीशिवाय (स्तनाच्या एक्स-रेशिवाय)!

तिरपी रेघ: पुढचं पानही वाचा की. पन्नाशीच्या आतल्यांत फायदा दिसला नाही. शिवाय त्या बायकांना परळचं टाटा रुग्णालय लोकलच्या अंतरावर होतं.

खर्चवही: दोघंही उपचारांचा मधला वर्षभराचा काळ विसरताय. गाठ हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेली) असेल तर त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब दर 21 दिवसांनी, वर्षात साधारण 18 डोस. महात्मा फुले योजना बिल भरते, बुडालेली मजुरी नाही. रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाला भाडं माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. पण दादरच्या धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर फुटपाथ. शेकाच्या (रेडिएशनच्या) 25 फेऱ्या म्हणजे पाच आठवडे. 40 ग्रे (किरणांची मात्रा) 15 फेऱ्यांत देता येतात, निवडक रुग्णांना 26 ग्रे पाचच फेऱ्यांत. तरी जुनंच वेळापत्रक हाती पडलं, तर पहिला शेक चुकतो तो पेरणीला.

पडताळा: शेकाचं मान्य. पण आशाताईंच्या हाताला तपासणीचं काम शिकवल्याशिवाय बाकी सगळं उशिराचंच.

तिरपी रेघ: शिकवा ना, कोण नको म्हणतंय? तोवर एवढं करा: ईआर निगेटिव्ह आलं तर त्याच स्लाइडमधल्या निरोगी दूधनलिका चाचणीच्या रंगानं रंगल्यात का, हे पॅथॉलॉजिस्टला विचारा. त्याही कोऱ्या असतील तर तो रिपोर्ट धरू नका, दुसऱ्या ब्लॉकवर (गाठीच्या मेणात बसवलेल्या तुकड्यावर) चाचणी मागा. आणि ब्लॉक घरी आणून ठेवा, लॅब कायम सांभाळत नाही.