कर्करोग होऊच नये म्हणून समुद्री जीवांत औषध शोधावं का?

गोदाकाठ, परभणी
स्पंजचा, म्हणजे समुद्राच्या तळाला चिकटून राहणाऱ्या साध्या प्राण्याचा, धडा आला की पोरं विचारतात, "सर, परभणीत कुठंय समुद्र?" मी त्यांना सायटाराबिन सांगतो. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात 1950च्या सुमारास वेगळेच न्यूक्लिओसाइड (डीएनए ज्यांपासून घडतो तसल्या घटकांसारखे रेणू) सापडले, त्यांच्या धर्तीवर हे औषध बनलं. 1969मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. स्पंजला पळता येत नाही, चावता येत नाही. तो रसायनांवरच तगतो. मग रोग होऊ न देणारं संयुगही तिथं शोधायला सरकारनं पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

बालाघाटची लेक, धाराशिव
नाही पटलं, सर. गुटख्यानं माझ्या भावाचं तोंड आवळत गेलं. शेवटी दोन बोटंही आत जाईनात. वहिनी भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची. 2012पासून बंदी आहे, तरी पुडी टपरीवर मिळतेच. आणि प्रतिबंधाचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे की! इथल्या 52 गावगटांतल्या 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला, 2009मध्ये तो छापून आला. एकदाच एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पैसा तिथं घाला.

औषधवाला, नांदेड
सर, स्पंजातून आलेली ही औषधं पेशी मारणारी आहेत. रोग्याला ती चालतात. धडधाकट माणसाला वर्षानुवर्षं द्यायची गोळी फार निर्धोक लागते. शिवाय माल किती निघतो? ज्या संयुगावरून एरिब्युलिन हे कर्करोगाचं औषध बेतलं, ते जपानात 600 किलो स्पंजातून 12.5 मिलिग्रॅम मिळालं होतं. आणि कृपा करून शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या कुणी घेऊ नका. शार्कलाही कर्करोग होतो, आणि त्या गोळ्यांचा रोग्यांना फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

गोदाकाठ, परभणी
माल कमी निघतो म्हणूनच एरिब्युलिन प्रयोगशाळेत घडवलं ना? ताई, तुमच्या भावाचं वाचून गलबललं. पण तंबाखू सोडली तरी जोखीम लगेच संपत नाही. तोंडात पांढरा चट्टा आलेल्याला कर्करोग नक्की टळेल असं काय द्यायचं? खात्रीचं औषध आज नाही. माझा आग्रह त्याच्यासाठी आहे.

बालाघाटची लेक, धाराशिव
चट्ट्याचं म्हणणं मान्य, सर. पण भावाच्या गालात तो दोन वर्षं होता. टॉर्च लावून तोंडात बघणारं गावात कुणी आलंच नाही.