हॉल ३०० माणसांचा, पण कसा?

सेक्रेटरी: सोसायटीच्या स्नेहसंमेलनासाठी हॉल बघून आलो. ५० बाय ४० फूट. मॅनेजर म्हणतो ३०० माणसं आरामात मावतात. आपण १६०. बुक करू का?

बी-२०३: करून टाका. निम्मा रिकामाच राहील 😄

ए-४०२: थांबा काका. २००० चौरस फूट भागिले ३००, माणशी ७ फूटसुद्धा येत नाहीत. ते नुसत्या खुर्च्यांच्या रांगा धरून, तेही स्टेजची जागा न धरता. आपल्याला गोल टेबलं हवीत ना?

सी-१०१: हवीतच. गेल्या वेळी ताट मांडीवर घेऊन जेवलो.

ए-४०२: मग ऐका. ५ फुटी गोल टेबल, ८ खुर्च्या. खुर्ची मागे ओढली की दोन्हीकडे २-२ फूट. झाले ९. मागून आडवं होऊन जायला १. म्हणजे ८ जणांना १० बाय १०. १६० जणांना २० टेबलं, २००० फूट. हॉल संपला, आणि स्टेज अजून आलंच नाही.

बी-२०३: १० जरा जास्तच धरताय. चिकटून लावा की.

ए-४०२: आत्ता पार्किंगमध्ये क्लबहाऊसचं टेबल मांडून खडूने चौकोन आखला. सी-१०१ च्या आजी उठल्या तर खुर्ची थेट रेषेवर. मी मागून ट्रे घेऊन गेलो, त्यांच्या खांद्याला लागला. या बघायला, अजून पुसलं नाहीये.

सी-१०१: आजी म्हणतात, पुन्हा मला बसवू नका 😂

ए-४०२: स्टेज २० बाय १२ म्हणजे २४०. त्यापुढे ६ फूट मोकळे, १२०. बुफेची ३० फुटी रांग, मागे वाढपी, पुढे ताटं घेतलेली माणसं, मिळून १० फूट खोल: ३००. एकूण ६६० गेले. उरले १३४०, म्हणजे १३ टेबलं. १०४ माणसं.

बी-२०३: 😶

डी-३०४: खांब आहेत का मध्ये?

सेक्रेटरी: दोन आहेत.

डी-३०४: मग अजून दोन टेबलं कमी धरा. खांब दोन फुटी असला तरी चौकोन अख्खा जातो. शिवाय मागच्याला स्टेजऐवजी खांब दिसतो. दारापुढेही काही लावायचं नाही.

सी-१०१: बाबांची व्हीलचेअर एका फुटातून जायची नाही हो. एक वाट तरी ४ फुटी ठेवा.

सेक्रेटरी: मग मोठा हॉल बघायचा?

डी-३०४: बाहेर व्हरांडा असेल तर बुफे तिकडे काढा. आत कार्यक्रमाला रांगेत खुर्च्या. माणशी ८ धरले तर १२८०, स्टेजचे ३६०, एकूण १६४०. आरामात. नंतर खुर्च्या कडेला, ज्येष्ठांना ६ टेबलं, बाकीचे उभ्याने जेवतील.

सी-१०१: १६० खुर्च्या उचलणार कोण? ते आधी ठरवा.

सेक्रेटरी: हॉलवाल्यांची माणसं उचलतील का ते विचारतो. उद्या संध्याकाळी व्हरांडा मोजून येतो. बी-२०३, चला बरोबर.

बी-२०३: येतो. टेप आहे माझ्याकडे, १६ फुटी.

ए-४०२: ५० फुटांच्या हॉलला? काका, माझी मोठी घेऊन जा. दारात ठेवतो.