नऊ वर्षांच्या मुलाचं वजन : चारची भूक, आजीचे लाडू आणि खेळ – सल्ला हवा

मोगरा_धायरी :
नमस्कार मंडळी. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची 132 सेंमी, वजन 38 किलो आलं आणि सोबत 'बालरोगतज्ज्ञांना दाखवा' अशी चिठ्ठी. डॉक्टरांनी तपासलं. औषध काही नाही, खाणं-खेळणं बदला, तीन महिन्यांनी या म्हणाले. आम्ही दोघंही नोकरीला. तो साडेतीनला घरी येतो, तेव्हापासून सातपर्यंत सासूबाई आणि टॅब. त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर. चारला तूप-साखर-पोळीचा लाडू किंवा खारी, सोबत पावडर घातलेलं दूध. सहाला पुन्हा काहीतरी. मी बोलले की 'खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नका.'
तर प्रश्न तीन. चारच्या भुकेला असं काय द्यावं जे सासूबाईंना सहज जमेल? त्यांना न दुखवता सांगायचं कसं? आणि खेळ कुठला? फुटबॉलच्या क्लासला पोरं 'ढोल्या' म्हणाली, तेव्हापासून तो जातच नाही. कृपया डाएट चार्ट नकोत, ढीगभर जमलेत.

नाना_वाईकर :
काळजी करू नका. उंची काढली की सगळं झडतं. आम्हीही असेच होतो.

कडीपत्ता :
नाना, तुम्ही शाळेतून घरी आल्यावर दिवेलागणीपर्यंत बाहेर असायचात. हा टॅबवर असतो.
मोगरा, मुलाचा डबा किती वाजता होतो? बऱ्याच शाळांत मोठी सुट्टी अकराच्या आसपास असते. म्हणजे साडेतीनला त्याला लागते ती जेवणाचीच भूक, आणि आपण तिच्यावर खारी टाकतो. खारी संपते, भूक तशीच. आमच्याकडे साडेतीनला सरळ ताट वाढतो : पोळी-उसळ, नाहीतर वरण-भात-कोशिंबीर, वर वाटीभर ताक. सकाळच्या स्वयंपाकातलं बाजूला काढून ठेवायचं, आजींनी फक्त गरम करायचं. मग सहाला फळ किंवा मूठभर चणे-शेंगदाणे पुरतात, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत, हलकं. हा एवढा एक बदल आधी कर, बाकीचं मागाहून.

मोगरा_धायरी :
डबा पावणेअकराला! हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

औषधी_सातारा :
बालरोग विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर. नाना म्हणतात ते काही मुलांच्या बाबतीत घडतं, पण त्या भरवशावर बसू नये. 38 किलोला 1.32 च्या वर्गाने भागलं की बीएमआय 21.8 येतो. मोठ्या माणसाला हा आकडा उत्तम, नऊ वर्षांच्या मुलाला नाही. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे तक्त्यावर बघतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत, 5 ते 18 वर्षांसाठी. त्यात मोठ्यांच्या 23 आणि 27 शी जुळणाऱ्या दोन रेषा असतात, पहिलीच्या वर जास्त वजन आणि दुसरीच्या वर स्थूलपणा. डॉक्टरांकडून त्याच्या नावाचा तक्ता मागून घ्या आणि दर वेळी खूण करून घ्या.
दिलासा असा की या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतं, फक्त आहे तिथे थोपवायचं असतं. उंची 138 झाली आणि वजन 38 च राहिलं, तर आकडा आपोआप 20 च्या खाली येतो. म्हणून उपास, भात बंद, दूध बंद असलं काही करू नका.
दोन गोष्टी मात्र घरीच बघा. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळसर, जाडसर दिसते का? घरोघरी तो मळ समजून घासत बसतात. ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना आवर्जून दाखवा. दुसरं, वजन वाढतंय पण उंची रेंगाळली आहे का? तसं असेल तर थायरॉइडसारखं कारण आधी तपासतात. उंची छान वाढत असेल तर कारण बहुधा ताटात, टॅबमध्ये आणि झोपेत असतं. या वयाला रात्रीची किमान नऊ तास झोप हवी. ही गोष्ट कुणी विचारतच नाही.

चिंचगुळ :
दुधातल्या पावडरीबद्दल : ती ताकदीसाठी नाही, गोडीसाठी असते. डब्यावरचं साखरेचं प्रमाण एकदा वाचा. केंद्र सरकारने 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, 5 च्या आत असेल तर उत्तम. 1600 कॅलरी धरल्या तर 5 टक्के म्हणजे 20 ग्रॅम, चार-पाच चमचे. कोल्ड्रिंकच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्येच 35 ग्रॅमच्या आसपास असते. डब्यातला ज्यूसही त्याच पंगतीतला. एकदम साधं दूध तो पिणार नाही, दर आठवड्याला पावडर थोडी थोडी कमी करा.
शाळेबाहेर वडापाव-वेफर्सची गाडी असेल तर पालकसभेत बोला. 2020 च्या नियमानुसार शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत असे पदार्थ विकता येत नाहीत. सीबीएसई शाळा असेल तर 2025 पासून साखरेची माहिती देणारा फलकही लावायचाय.

सुनंदाआजी :
मी सासूबाईंच्या बाजूची. मोगरा, तू सांगू नकोस गं. पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन जा दवाखान्यात. सुनेने सांगितलं की ते आमच्या करण्याला नाव ठेवल्यासारखं वाटतं. आणि लाडू बंद करू नकोस, रविवारचा कर. आमच्या हातून काढून घेतलंत तर दुसरं काहीतरी हातात द्या. मी नातवाला संध्याकाळी भाजी आणायला नेते, येताना मारुतीच्या देवळाला वळसा. तो वांगी निवडतो आणि त्याने निवडलेली वांगी तो खातो. टॅबचा हट्ट घराबाहेर पडल्यावर होत नाही. घरात होतो.
अजून एक. बिस्किटं घरात आणून लपवू नका. आणूच नका. मुलांना सगळे डबे माहीत असतात.

टेकडीवाला :
खेळाचं बोलू. रोज साधारण 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, सलग नसली तरी चालते. चिडवणं झालंय म्हटल्यावर लगेच दुसऱ्या चमूत टाकू नका. पोहणं, ज्युदो, सायकल, जिथे स्वतःशीच चढाओढ असते तिथून सुरुवात करा. ज्युदोत वजनगट असतात, त्यामुळे तो त्याच्याच वजनाच्या मुलांशी खेळेल. फुटबॉलच्या सरांशी मात्र जरूर बोला, ते त्यांचं काम आहे.
धायरीहून पर्वती काही लांब नाही, 103 पायऱ्या. रविवारी बाबांनी न्यावं, आणि फाटकात गाडी लावून फोन बघत बसू नये, सोबत चढावं. खाली उतरल्यावर भेळ खायची तर खा, पण शेव कमी सांगा. सोसायटीत चार पोरं जमवून डबा ऐसपैस सुरू झालं तर क्लासचे पैसेही वाचतील.

नाना_वाईकर :
डबा ऐसपैस आता पार्किंगमध्ये खेळू देतात का? आमच्या सोसायटीत पाटी आहे, 'खेळण्यास सक्त मनाई'.

टेकडीवाला :
नाना, कमिटीवर तुम्हीच आहात ना?

नाना_वाईकर :
खजिनदार आहे. पुढच्या मीटिंगला काढतो विषय.

मोगरा_धायरी :
सगळ्यांचे आभार. पावडर आणि बिस्किटं या महिन्याच्या यादीतून काढली. नवरा पर्वतीला तयार आहे, कुरकुरत. तपासणीला सासूबाईंना नेतेय, मानही दाखवेन. शनिवारी शाळा नसते, तेव्हा मुगाची धिरडी करायचं ठरवलंय, पण माझी तव्याला चिकटतात आणि मग तेल जास्त जातं. काय करू?

कडीपत्ता :
मूग चार तास भिजव, वाटताना पाणी कमी. वाटीभर मुगाला दोन चमचे तांदळाचं पीठ. बिडाचा तवा असेल तर कापलेल्या कांद्याला तेल लावून तो फिरव, चमचाभर तेलात सगळी होतात. झाकण ठेव, कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नको. पहिलं तरीही चिकटेल. ते आपण खायचं.