सिंहस्थात आईला रामकुंडावर कधी न्यावं?

कृष्णाकाठ:
आई 74 वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते, पण पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात लागतो. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडावर गंगास्नान, म्हणजे गोदावरीत स्नान करायचं हे तिच्या मनात फार वर्षांपासून आहे. 2003 ला निघायची तयारी झाली होती, तेवढ्यात चेंगराचेंगरीची बातमी आली आणि आजीने जाऊ दिलं नाही. 2015 ला बाबांचं आजारपण. आता बाबा नाहीत, म्हणून मला हे टाळायचं नाहीये.
2027 च्या पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, जाहीर झाल्यात: 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट, 11 सप्टेंबर. आई म्हणते पर्वणीलाच जायचं, भाऊ म्हणतो अजिबात नको. कराडहून गाडीने येऊ. नाशिकमध्ये ओळखीचं कुणी नाही. तिथल्यांनी खरं काय ते सांगा.

गोदातीर:
ताई, माझा जन्म पंचवटीतला, सगळं आयुष्य गंगेवर गेलं. स्पष्ट सांगतो: आईंना सिंहस्थात जरूर आणा, पर्वणीला आणू नका.
पर्वणीच्या पहाटे रामकुंडावर पहिला मान साधूंच्या आखाड्यांचा. निर्वाणी, दिगंबर, निर्मोही हे तिन्ही वैष्णव आखाडे मिरवणुकीने येतात आणि त्यांचं स्नान आटोपेपर्यंत कुंड तुमच्याआमच्यासाठी बंद असतं. बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच थांबवतात. तिथून बस, आणि बसमधून उतरल्यावर चालणं. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. एकदा बॅरिकेडच्या आत शिरलात की मधूनच मागे फिरता येत नाही, आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची कसोटी तिथेच लागते. दमलो म्हणून टेकायला जागा नसते, मागून रेटा असतो. 27 ऑगस्ट 2003 ला सरदार चौकाच्या त्या चिंचोळ्या उतारावर 39 माणसं गेली. तुमच्या आजींनी थांबवलं ते योग्यच केलं.
दुसरं म्हणजे पाऊस. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही घाटावर जाऊन आधी दुतोंड्या मारुती, म्हणजे तिथली मारुतीची उंच मूर्ती, बघतो. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून पुराचा अंदाज येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो अख्खा पाण्याखाली होता. पर्वणीची तारीख पंचांगात ठरते, पाणी किती सोडायचं ते धरण ठरवतं.
आता आईंना पटेल असं सांगतो. स्नानाआधी गुरुजी संकल्प सांगतात, त्यात त्या वेळी गुरू कोणत्या राशीत आहे तेही म्हणावं लागतं. तो सिंहेत असताना केलेलं स्नान सिंहस्थातलंच, मग पर्वणी असो वा साधा मंगळवार. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण होणार आहे आणि जुलै 2028 पर्यंत सिंहस्थ आहे. मात्र अधूनमधून गुरू त्या राशीतून बाहेरही जातो, म्हणून दिवस पंचांग बघूनच धरा. माझ्या मते 2027 चा दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, गुरूही सिंहेतच असतो. शनिवार-रविवार तेवढा टाळा.
सकाळी लवकर या. पायऱ्यांवर शेवाळं असतं, अनवाणी उतरताना काठीवर भिस्त ठेवू नका, दोन्ही बाजूंनी माणूस हवा. आई नऊवारी नेसत असतील तर आधीच सांगा. ओला काष्टा इतका जड होतो की पाण्यातून वर येताना पाय उचलत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका शेवटच्या कोरड्या पायरीवर बसतात, पाय पाण्यात सोडतात आणि तांब्याने डोक्यावरून पाणी घेतात. बुडीच हवी असा हट्ट नको. कपडे बदलायची सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवा.

माळकरी:
गोदातीर यांचं सगळं बरोबर आहे, पण पर्वणी म्हणजे नुसतं स्नान नव्हे. 2015 ला मी वडिलांबरोबर मिरवणूक पाहिली. निशाणं, आखाड्यांचे इष्टदेव, घोडे आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना हात जोडून उभी असलेली माणसं. वडील त्या दिवशी रडले. कृष्णाकाठ, आईंना नक्की काय हवंय ते विचारा. साधू बघायचे असतील तर पर्वणीच्या आधी चार-सहा दिवस तपोवनात साधुग्रामात न्या. तिथे मंडपातून निवांत फिरता येतं, महंतांच्या पाया पडता येतं, पंगतीत प्रसादही मिळतो.
आणि कधीही गेलात तरी आईंच्या परकराच्या नाडीजवळ कापडाचा तुकडा शिवा, त्यावर नाव आणि तुमचा फोन नंबर. मोबाईल हरवतो, बंद पडतो. भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं पुकारतात तेव्हा कित्येक म्हाताऱ्यांना स्वतःच्या गावाखेरीज काही सांगता येत नाही.

कृष्णाकाठ:
आईला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. संकल्पाचं ऐकून म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" तिला मिरवणूक नकोय, तिला बाबांच्या नावाने स्नान करायचंय. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला बुधवार-गुरुवार धरतेय. त्याच फेरीत त्र्यंबकेश्वर जमेल का? आणि ब्रह्मगिरी?

गोदातीर:
त्र्यंबक जमेल, नाशिकपासून तीसेक किलोमीटर. पण त्याच दिवशी नको, एक मुक्काम करा. तिथे शैव आखाड्यांचं स्नान कुशावर्तावर होतं. ते चारी बाजूंनी बांधलेलं दगडी कुंड आहे, एरवीच्या दिवशी पायरीवर बसून तांब्याने स्नान होतं. मंदिराच्या रांगेला मात्र वेळ धरा, आईंसाठी घडीचं स्टूल बरोबर ठेवा. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या त्या गुडघ्याला झेपणार नाहीत, तो खालूनच दाखवा.
बाबांच्या नावाने काही विधी करायचा असेल तर तुमच्या घराण्याचे तीर्थपुरोहित कोण ते आधी शोधा. गाव आणि आडनाव सांगितलंत की पंचवटीत कुणीही त्यांचं घर दाखवेल. त्यांच्या वहीत तुमच्यापैकी पूर्वी कोण येऊन गेलं त्याची नोंद सापडू शकते. दक्षिणेचं मात्र विधीआधीच बोलून घ्या.