एनएफएस सर्व्हर गेला की सगळी मशीन थिजतात, मदत हवी आहे

मंडळी, गोरेगावात एका छोट्या व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओत आहे. हुद्दा सिस्टिम अ‍ॅडमिनचा, पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच काढतो.

वरच्या माळ्यावर लिनक्सचा एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटणारा) सर्व्हर आहे, त्यावरचं प्रोजेक्टचं फोल्डर सहा उबंटू मशीनवर माउंट केलंय, म्हणजे तिथे ते स्वतःच्याच फोल्डरसारखं दिसतं. काल पावसात वरचा एमसीबी पडला, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, सर्व्हर बंद. खाली वीज होती, तरी सहाही मशीन मुकी. डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड मारली तर टर्मिनल तिथेच थिजलं. लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांचा सरासरी आकडा) चढतोय आणि सीपीयू मात्र निवांत! लॉगमध्ये एकच पालुपद, ‘नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’. रीस्टार्टही होईना, म्हणून सगळ्यांची बटणं दाबून धरली. एडिटर ताईंचं दोन तासांचं काम गेलं.

एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) नुसतं ‘डीफॉल्ट्स’ आहे. एक मित्र म्हणतो, सॉफ्ट माउंट कर, सुटशील. करू का?

प्रतिसाद १:
नको! जिथे लिहिणं चालतं तिथे सॉफ्ट लावू नका. ठरावीक वेळा प्रयत्न करून तो प्रोग्रॅमला एरर देतो, आणि प्रोग्रॅमने ती नीट हाताळली नाही तर अर्धवट फाइल पदरात. डीफॉल्ट हार्ड आहे, तो सर्व्हर परत येईपर्यंत विचारतच राहतो. अडकलेल्या प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्क किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत असतात, लिनक्स त्यांनाही लोडमध्ये मोजतो, म्हणून तो आकडा. काल आधी एमसीबी उचलून सर्व्हर चालू केला असता, तर बहुतेक काम जिथे थांबलं तिथूनच पुढे गेलं असतं. एनएफएस ४ असेल तर सर्व्हर उठल्यावरही साधारण ९० सेकंद ग्रेस पीरियड (मशीनना आपली जुनी लॉक परत मिळवायची मुदत) असतो, तेवढ्यात पुन्हा बटणाकडे हात नेऊ नका.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. स्टॉक फुटेजसारखं नुसतं वाचायचं फोल्डर असेल तर सॉफ्ट चालेल, पण ‘टाइमओ’, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. ६०० म्हणजे एक मिनिट. आमच्याकडे एकाने ३० सेकंद समजून ३० लिहिलं, म्हणजे तीनच सेकंद, आणि थोड्याच वेळात एररचा पाऊस.
‘आयएनटीआर’ (अडकलेलं काम मध्येच तोडू देणारा पर्याय) लावा असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, कर्नल २.६.२५ पासून त्याला कुणी विचारत नाही. अडकलेली प्रोसेस मारायची तर ‘किल -९’. लोकल डिस्क बघायची असेल तर ‘डीएफ -एल’. आणि ऑटोएफएस लावा, ते लागेल तेव्हाच माउंट करतं, वापरात नसलेलं माउंट आपोआप सुटतं, मग सर्व्हर पडला तरी निदान रिकामी मशीन अडकत नाहीत. ‘यूमाउंट -एल’ने माउंट दिसेनासा होतो, पण आधीच अडकलेल्या प्रोसेस अडकलेल्याच राहतात.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. हार्डच ठेवतो, ऑटोएफएस रविवारी, यूपीएसची बॅटरी आजच सांगितली. ताईंना मात्र मी काल ‘सर्व्हरने काम खाल्लं’ असं सांगून बसलोय.